दाढोबाच्या घरावरची काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे आणि मला राग आलेला आहे. आमच्या जातीला राग शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. काचेने गप्प उभे राहावे, पलीकडचे दाखवावे आणि स्वतः दिसू नये, अशी आमची शिकवण. मी ती जन्मभर पाळली. पण एका मुक्या जीवाचा घास माझ्यामुळे अडला आणि त्याचा आळ एका शहाण्या पोरीवर आला, तेव्हा मला तोंड नव्हते. आज तुम्ही ऐकायला बसला आहात, तर सगळे सांगते. मध्येच माझा आवाज चढला तर तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळवून मला पाट्यासारखी सपाट केली, आणि मग माझ्या अंगावर एक पातळ थर चढवला. तो थर तुम्हाला दिसणार नाही. उन्हाचे दोन भाग असतात. एक दिसतो, त्याला आपण उजेड म्हणतो. दुसरा दिसत नाही, पण दोरीवरच्या लाल सदऱ्याचा रंग उडवतो आणि जुना कागद पिवळा करतो, तो तोच. पहिल्याला आत सोडायचे आणि दुसऱ्याला दारातच थांबवायचे, हे माझे काम. साध्या काचाही त्याला बऱ्यापैकी अडवतात, पण माझ्याइतके कडक कुणी नाही, आणि याचा मला भारी अभिमान होता.

एका लाकडी खोक्यातून, बहिणींच्या रांगेत, प्रत्येकीच्या मध्ये एकेक कागद, अशी मी फ्रेमवाल्याच्या दुकानात आले. दुकान म्हणजे त्याच्याच घराची पुढची खोली. मधोमध मोठे कामाचे टेबल, भिंतीला लाकडी पट्ट्यांचे तुकडे लांबीप्रमाणे लावलेले, कोपऱ्यात डिंकाचा डबा, आणि मागच्या भिंतीला आम्हा काचांचे उभे कप्पे. फ्रेमवाल्याचे हात फार चांगले होते. काच कापायच्या हिरकणीने एकदा रेघ ओढली की काच बरोबर तिथेच सुटायची. कान मात्र तेवढे चांगले नव्हते. गिऱ्हाईक अर्धे वाक्य बोलले की उरलेले तोच पूर्ण करायचा आणि उत्तरही देऊन मोकळा व्हायचा.

काच विकायची त्याची एक पद्धत होती. काच दोन हातांनी उजेडाकडे उचलायची आणि विचारायचे, "काय दिसतंय मध्ये?" गिऱ्हाईक म्हणायचे, "काहीच नाही." मग तो खूश होऊन म्हणायचा, "मग झालं तर." त्याच्या लेखी चांगली काच म्हणजे काहीच नसणे. पंचवीस वर्षे तो हेच बोलत आला होता. आम्हीही ते ऐकून फुगायचो, आता लाज वाटते.

पहिली अकरा वर्षे मी एका कचेरीच्या व्हरांड्यात काढली. माझ्यामागे तिथल्या बेचाळीस माणसांचा फोटो होता आणि समोर पश्चिमेची खिडकी. रोज दुपारी ऊन माझ्या अंगावर यायचे आणि मी त्यातला वाईट भाग परत पाठवायची. शेजारी साध्या काचेत दुसरा फोटो होता. त्यातल्या साहेबांचा चेहरा पाचव्या वर्षी पिवळा पडला आणि नवव्या वर्षी नुसता चष्मा उरला. माझी बेचाळीस माणसे जशीच्या तशी होती, शेवटच्या रांगेतल्या कारकुनाच्या खिशातले पेनसुद्धा निळेच राहिले. पुढे कचेरी दुसरीकडे गेली, फोटो मोठ्या चौकटीत बसवला गेला आणि मी परत दुकानात आले. फ्रेमवाल्याने मला पुसले, उजेडाकडे धरले आणि म्हणाला, "जुनी आहे पण एकदम चोख." मग मी कप्प्यात उभी राहिले. आता लोकांना स्वस्त प्लास्टिक हवे होते, त्यामुळे तीन वर्षे मला कुणी हात लावला नाही.

अशात दुकानात दाढोबा आला. तुम्ही त्याला पाहिले असते तर आधी दचकला असता. हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, पाठीवर बारीक काटे आणि गळ्याखाली खवल्यांची दाढी. दूरच्या वाळवंटातल्या सरड्याची ही जात. त्याला इंग्रजीत 'बेअर्डेड ड्रॅगन' म्हणतात, पण आमच्याकडे तो पहिल्या दिवसापासून दाढोबाच. गल्लीतले घड्याळ दुरुस्त करणारे काका लेकीकडे राहायला निघाले, तिथे सरड्याला मज्जाव होता. म्हणून त्यांनी तो काचेच्या पेटीसकट फ्रेमवाल्याच्या मुलीला दिला. ही मुलगी तेरा वर्षांची. लहानपणी गालात खाऊ साठवून फिरायची म्हणून घरात तिचे नाव खारू पडले, ते टिकले.

काकांनी पेटीबरोबर एक कागदही दिला होता, घड्याळवाल्याच्या बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी लिहिलेला. सकाळी पालेभाजी बारीक चिरून, भोपळ्याचा कीस, एक दिवसाआड रातकिडे, आणि प्रत्येक खाण्यावर कॅल्शियमची पूड. ऊब देणारा तापता दिवा पेटीच्या आत, एका कोपऱ्यात. उन्हाचे काम करणारी पांढरी नळी वर, झाकणाच्या जाळीवर. आणि खाली दोन रेघा मारून लिहिले होते, वर जाळीच ठेवावी. खारूने तो कागद टेबलाशेजारच्या भिंतीला चिकटवला. पेटीही तिथेच ठेवली, कारण ती शाळेतून आली की दुकानातच अभ्यासाला बसायची. वडील एका टोकाला पट्ट्या कापायचे, ती दुसऱ्या टोकाला गणिते सोडवायची, आणि दाढोबा मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीने बघायचा.

सगळे ठीक चालले असते, पण काकांची जाळी जुनी होती. एका कोपऱ्यात ती उसवली आणि रातकिडे बाहेर पडू लागले. दोन दिवस डिंकाच्या डब्यामागून किर्रकिर्र ऐकू आली. तिसऱ्या सकाळी खारूच्या आईने दवाखान्यात ड्यूटीला जाताना बुटात पाय घातला आणि तसाच काढला. ती परिचारिका आहे. माणसांच्या जखमा बघून तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, पण त्या सकाळी तिने बूट थेट अंगणात भिरकावला. "आज संध्याकाळी मी येईन तेव्हा एक तर ते किडे इथे असतील, नाहीतर मी," ती म्हणाली. आणि दुसऱ्या बुटाची नीट तपासणी करून गेली.

फ्रेमवाला लगेच कामाला लागला. उसवलेला कोपरा तारेने शिवायला पाच मिनिटे लागली असती. पण नाही, त्याला कारागिरी दाखवायची होती.

"ही जाळीच काढून टाकू," तो म्हणाला. "वर मस्त काच बसवतो. एक मुंगीसुद्धा बाहेर येणार नाही."

"बाबा, काकांनी जाळीच ठेवा असं लिहिलंय. दोन रेघा मारल्यात," खारू म्हणाली.

"त्याच्याकडे जाळी होती म्हणून जाळी लिहिलं. घड्याळवाल्याला काचेतलं काय कळतं?"

खारूने गणिताची वही पुढे ओढली. काचेच्या बाबतीत वडिलांशी वाद घालायचा नसतो, हे त्या घरात जन्मल्यापासून शिकवले होते. फ्रेमवाला कप्प्यांकडे आला. त्याने साध्या काचा बोटाने मागे सारल्या आणि मला बाहेर काढले. "आपल्या दाढोबाला असली-तसली नको, चांगल्यातली लावू," असे तो म्हणाला, आणि ते त्याने प्रेमाने म्हटले. तेच मला सर्वांत जास्त खुपते. द्वेषाने केलेली वाईट गोष्ट निदान कळून येते.

त्याने मला मापात कापले, कडा घासल्या, हवेसाठी मागे दोन बोटे जागा सोडून तिथे बारीक जाळी लावली. मी पेटीवर इतकी नेमकी बसले की वरून हात फिरवला तरी सांधा लागत नव्हता. मग त्याने ती पांढरी नळी उचलून माझ्या पाठीवर ठेवली. संध्याकाळी आईने येऊन बघितले, बुटात डोकावले आणि "आता कसं छान दिसतंय" म्हणाली. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. मी त्या दिवशी खूप सुखावले होते, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, आता तुम्ही लहान असलात तरी तुमच्या लक्षात आले असेल. नळीतून उजेड निघत होता आणि त्याच्याबरोबर तो न दिसणारा भागही निघत होता. बेचाळीस माणसांना ज्याच्यापासून मी वाचवले, तो भाग या सरड्याच्या हाडांसाठी अन्नाइतका गरजेचा असतो. तो अंगावर पडला तरच पोटातली कॅल्शियमची पूड हाडांत जाते. मी तो दारातच थांबवला. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एकही दिवस न चुकता थांबवला. मला दुसरे काही येतच नाही.

पहिला दीड महिना काही कळले नाही. मग दाढोबा ताटलीत पालेभाजी ठेवली की नुसता चाटून सोडायला लागला. नंतर रातकिडा समोरून गेला तरी तो डोळ्यांनीच त्याच्या मागे जायचा. मान वळवायचाही कंटाळा. खारू स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून दर रविवारी त्याचे वजन करायची आणि वहीत लिहायची. चारशे बारा ग्रॅम, तीनशे शहाण्णव, तीनशे एकाहत्तर. ती भोपळ्याचा कीस चिमटीत धरून त्याच्या तोंडाशी न्यायची. तो डोळे मिटायचा. ती पूड तर इतक्या नेमाने घालायची की काय सांगू. रातकिडे एका पिशवीत घ्यायची, चमचाभर पूड टाकायची, पिशवी हलवायची आणि पांढरे झालेले किडे आत सोडायची. हे सगळे त्याच टेबलावर, वडिलांच्या डोळ्यांसमोर चालायचे. पूड त्यांच्या पट्ट्यांवर उडाली की ते "अगं, हळू" असेही म्हणायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सरड्यांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीण बाई दुसऱ्या शहरात होत्या. आईने दवाखान्यातून त्यांचा नंबर मिळवला. एका दुपारी खारू शाळेत असताना फ्रेमवाल्याने त्या बाईंना फोन लावला. हातात डिंकाचा ब्रश होता, म्हणून त्याने फोनचा आवाज मोठा केला आणि फोन माझ्यावर आडवा ठेवला. हो, माझ्यावरच. मी जिथे आहे तिथे, नळीच्या शेजारी.

"पांढरी नळी किती जुनी आहे?" डॉक्टरीण बाईंनी विचारले.

"नवीकोरी आहे हो. घड्याळवाल्याने जायच्या आधीच बदललीये."

"त्याच्यापासून किती उंचीवर?"

"वीतभर, फार तर दीड."

"बरं. आणि नळीच्या आणि त्याच्या मध्ये..."

"मध्ये काहीच नाही," फ्रेमवाला म्हणाला.

बाईंनी वाक्य पुरे केले नव्हते. त्याने त्याच्या सवयीप्रमाणे ते पुरे केले. फोन माझ्या पाठीवर होता, त्याच्या आवाजाने माझे अंग थरथरत होते, आणि हा माणूस म्हणत होता की मध्ये काहीच नाही. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखर काही दिसत नव्हते. पंचवीस वर्षे उत्तम काच म्हणजे काहीच नाही असे लोकांना सांगता सांगता ते त्याच्याच हाडीमाशी खिळले होते. तडकून तरी दाखवावे असे मला वाटले, पण काच मनात आणून तडकत नाही.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, दिवा ठीक आहे तर थंडीमुळे असेल, थंडीत हे प्राणी सुस्तावतात, कमी खातात. तीन आठवडे वाट बघा. खारू घरी आल्यावर फ्रेमवाल्याने सांगितले, "तिने सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. काळजी करू नकोस." ते तीन आठवडे असे वाया गेले.

मग दाढोबाच्या पायांची बोटे थरथरू लागली. चालायला गेला की पुढचे पाय कोपरात वाकायचे. खारूने त्याचा खालचा जबडा बोटाने चाचपला तर तो खोडरबरासारखा दबला. ती घाबरली. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो काढून त्या बाईंना पाठवला. संध्याकाळी पुन्हा फोन झाला. या वेळी तिघेही टेबलाभोवती होते.

"हाडं अगदी पुसट दिसतायत," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "कॅल्शियम अंगी लागत नाहीये. पूड रोज घालता का?"

"प्रत्येक खाण्यावर घालते. एकदाही चुकले नाहीये," खारू म्हणाली.

मग बाई म्हणाल्या, "मग हे असं व्हायला नको. दिवा तर ठीक आहे म्हणालात ना?"

"दिवा एकदम व्यवस्थित आहे," फ्रेमवाला म्हणाला. त्याने एकदा पेटीकडे बघितले, एकदा मुलीकडे. "लहान आहे हो ती. राहून जात असेल पूड घालायची. शाळा असते, अभ्यास असतो. मी सांगत असतो, पण लक्ष नसतं पोरांचं."

खारूने वडिलांकडे बघितले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी याचि डोळा पाहिले, आणि चोर तर मी स्वतःच होते.

"बाळा, असं विसरून चालत नाही," डॉक्टरीण बाई सौम्यपणे म्हणाल्या. "उन्हातला एक भाग डोळ्यांना दिसत नाही. रंगीत कपडे विटवतो ना, तो. नळी तो देते, आणि पूड तू द्यायची. दोन्ही मिळून त्याची हाडं बनतात. एक जरी नसलं तरी उपयोग नाही."

मग त्यांनी तोंडातून घालायचे औषध सांगितले. पूड चुकल्यामुळे झाले असेल तर दहा दिवसांत फरक दिसेल. नाहीच दिसला, तर दिवा चांगला असूनही सुधारत नाही याचा अर्थ त्याची मूत्रपिंडे गेली आहेत. मग त्याचे हाल करू नका, त्या म्हणाल्या, गावातल्या डॉक्टरांना सांगून त्याला शांतपणे कायमचे झोपवू.

फोन बंद झाल्यावर फ्रेमवाल्याने पुडीचा डबा उचलून सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. "उद्यापासून मी घालीन," तो म्हणाला. आईनेही, "एवढी एक गोष्ट सांभाळता येत नाही का तुला?" असे म्हटले. खारूने फक्त एकदा सांगितले, "मी रोज घातलीये." दुसऱ्यांदा सांगितले नाही. ज्या घरात आपले खरे धरत नाहीत तिथे माणूस किती वेळा सांगणार?

आठ दिवस गेले. दाढोबा काहीच खात नव्हता. त्याची दाढी काळी पडली होती. खारू त्याला पिचकारीने औषध पाजायची आणि तो ते निम्मे बाहेर सोडायचा. आता घरात कुणी त्याच्याविषयी मोठ्याने बोलत नव्हते.

आठव्या दिवशी दुकानात एक म्हाताऱ्या संगीतशिक्षिका आल्या. त्यांच्या दिवंगत बहिणीने काढलेले जलरंगातले चित्र त्यांना चौकटीत बसवायचे होते. भिंतीवर ऊन येते, रंग उडतील का, अशी त्यांना धास्ती. फ्रेमवाल्याने माझ्या एका बहिणीला कप्प्यातून काढून उजेडाकडे धरले.

"बाई, काय दिसतंय मध्ये?"

"काही नाही."

"मग झालं तर. पण ही नुसती काच नाहीये. उन्हातला तो रंग विटवणारा भाग असतो ना, डोळ्यांना न दिसणारा, तो ही आत सोडतच नाही. वीस वर्षं लावून ठेवा, चित्र जसंच्या तसं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खारूची पेन्सिल थांबली. हे भाषण तिने शेकडो वेळा ऐकले होते. झोपेत विचारले असते तरी म्हणून दाखवले असते. पण रोज ऐकलेल्या गोष्टीचा माणूस कधी विचार करतो का? आज मात्र डॉक्टरीण बाईंचे शब्द तिच्या कानात ताजे होते. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितले. माझ्यामधून नाही, मित्रांनो. माझ्याकडे. चौदा वर्षांत माझ्याकडे असे कुणी बघितले नव्हते.

"बाबा," ती म्हणाली, "दाढोबाच्या झाकणाला कुठली काच आहे?"

"हीच की. चांगल्यातली चांगली ला..." इतके बोलून तो थांबला. त्याने स्वतःचे वाक्य अर्धे सोडलेले मी पहिल्यांदाच ऐकले. त्याचा चेहरा उतरला. संगीतशिक्षिका या दोघांकडे बघत राहिल्या.

"तू अभ्यास कर," तो म्हणाला, आणि चित्राचे माप घ्यायला वळला. माप त्याने तीनदा घेतले.

तुम्हाला वाटेल, आता त्याने फोन उचलला असेल. छे. दुसऱ्या दिवशी खारू शाळेत गेल्यावर त्याने गुपचूप मला उतरवले, भिंतीशी उभे केले आणि पेटीवर नवी तारेची जाळी ठोकली. आईने विचारले तर म्हणाला, "हवा कमी पडत होती त्याला." मला उतरवले याचे वाईट वाटले नाही, ते व्हायलाच हवे होते. पण खोटे बोलून उतरवले. मुलीवरचा आळ तसाच ठेवून उतरवले. नजरचुकीला मी एकवेळ क्षमा करीन, पण ही चूक नव्हती. हे त्याने समजून-उमजून केले.

खारू आली, तिने जाळी बघितली, दप्तर खाली ठेवले.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"काय सांगायचंय त्यात? बदललं ना आता. मिटलं."

"कालपर्यंत काच होती हे सांगायचंय. त्यांना वाटतंय दिवा पहिल्यापासून चांगला आहे. त्या उद्या त्याला मारून टाका म्हणतील."

"उगाच फाटे फोडू नकोस. औषध चालू आहे ना?"

दहाव्या दिवशी दुपारी डॉक्टरीण बाईंचाच फोन आला. आई ड्यूटीवर निघायच्या तयारीत दारात उभी होती. फोन टेबलावर होता. दाढोबा नव्या जाळीखाली पोट टेकून पडला होता. वजन तीनशे अठरा.

"काही खाल्लं?"

"नाही," खारू म्हणाली.

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग आपण बोललो होतो तसं..."

"त्याच्यावर काच होती. कालपर्यंत. रंग उडू न देणारी. नळीच्या नि त्याच्या मध्ये."

"काच? पण मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. बाबा मध्ये काही नाही म्हणाले होते." बाईंचा आवाज थकलेला होता. "बाळा, त्याला सोडवत नाही हे मला कळतंय. पण आता काहीतरी कारण काढून उपयोग नाही. बाबांना दे फोन."

खारूने फोन टेबलावरून वडिलांकडे सरकवला. फ्रेमवाल्याच्या हातात हिरकणी होती, ती त्याने खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. आईने एकदा भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितले, एकदा नव्या जाळीकडे. सगळे तिच्या ध्यानात आले असावे.

"अहो," ती म्हणाली, "बोला."

"काच होती," फ्रेमवाला म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "डॉक्टर, काच होती. मीच बसवली. तुम्ही विचारलंत तेव्हा तुमचा फोन त्या काचेवरच ठेवला होता. चार महिने होती ती."

तो एवढ्यावर थांबला असता तरी चालले असते. पण तो थांबला नाही.

"आणि पोरगी पूड रोज घालायची. एकही दिवस चुकली नाही. मी समोर बसून रोज बघत होतो. तुमच्याशी खोटं बोललो."

आईने दाराची चौकट धरली. खारूने मात्र फोन परत स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "आता काय करायचं ते मला सांगा. मी लिहून घेते."

डॉक्टरीण बाई चिडल्या, आणि बरे झाले चिडल्या. चार महिने दिवा लावून त्याला अंधारात ठेवलेत, म्हणाल्या. मग त्यांनी भराभर सांगितले. झोपवायचे नाही. आजच गावातल्या डॉक्टरांकडून सुई टोचून घ्या. पातळ अन्न थेंबाथेंबाने. आणि रोज अर्धा तास खऱ्या उन्हात, उघड्यावर, बंद खिडकीतून अजिबात नाही. खारूने सगळे लिहिले. लिहून झाल्यावर फ्रेमवाल्याने स्टुलावर चढून पुडीचा डबा खाली काढला आणि तिच्यासमोर ठेवला. तिने डबा घेतला. त्याच्याकडे बघितले नाही.

पुढे बरेच दिवस ती वडिलांशी कामापुरतेच बोलायची. "उन्हात न्या." "तोंड पुसा त्याचं." "आज तीन मिनिटं कमी झाली." तो मुकाट्याने ऐकायचा. दुकान बंद ठेवून अंगणात दाढोबाला छातीवर घेऊन बसायचा, गिऱ्हाईक आले तरी उठायचा नाही. मी त्याच्यावर खूप रागावले आहे, पण हे सांगायला हवे. सोळाव्या दिवशी त्याने अंगणातून "खारू" अशी हाक मारली, अगदी हळू, दाढोबा घाबरू नये म्हणून. दाढोबाने भोपळ्याच्या किसाकडे मान वळवली होती. पहिल्यांदा त्याचे तोंड चुकले, कीस सदऱ्यावर सांडला. दुसऱ्यांदाही चुकले. तिसऱ्यांदा त्याने घास पकडला आणि गिळला. खारू वडिलांशेजारी खाली बसली आणि तिने पुढचा घास चिमटीत धरला.

तो वाचला. पण पुढचे पाय वाकडे राहिले आणि जबडा एका बाजूला झुकलेला राहिला, तो आता जन्मभर तसाच राहणार. म्हणून मी शांत होऊ शकत नाही. खारूही पूर्वीसारखी वडिलांच्या सगळ्या गोष्टींवर मान डोलावत नाही, आणि ते चांगलेच आहे.

मित्रांनो, मी भिंतीशी उभी आहे, अंगावर धूळ आहे, मला कीव नको. फक्त एक करा. तुमच्या घरचा मुका प्राणी खायचा थांबला, तर आधी ज्याने त्याला घास भरवला त्याच्याकडे बोट दाखवू नका. आधी तुम्ही स्वतःच्या हातांनी त्याच्यासाठी जे केले आहे, ज्याचे सगळ्यांनी कौतुक केले आहे, त्याला हात लावून बघा. आणि तिथे काही सापडले, तर त्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगा. फ्रेमवाल्याने सांगायला दोन दिवस लावले. दाढोबाकडे तेवढेच उरले होते.